फंडस फोटोंतून रक्तवाहिन्या मोजताना जाड शीर दुहेरी का येते, आणि दोन कॅमेऱ्यांचे आकडे का जुळत नाहीत?

वैनगंगा_काठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मधुमेह, बीपी आणि सिकलसेलच्या रुग्णांचे फंडस फोटो (डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे फोटो) निघतात. फोटो पाहून रुग्णाला पुढे पाठवायचं की नाही हे नेत्रतज्ज्ञ ठरवतात, ते काम व्यवस्थित सुरू आहे. माझ्याकडे संगणकाची बाजू आहे. त्याच फोटोंमधून पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची रुंदी, वळणदारपणा आणि जाळ्याची घनता मोजायची, आणि दरवर्षी त्याच रुग्णाशी तुलना करता येईल अशी नोंद ठेवायची.

दवाखान्यात टेबलावरचा 45 अंशांचा कॅमेरा आहे, फोटोतल्या गोलाचा व्यास साधारण 2000 पिक्सेल. शिबिरात हातात धरायचा कॅमेरा नेतात, त्याचा गोल 1200 पिक्सेलच्या आसपास. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही. पायथन, ओपनसीव्ही आणि सायकिट-इमेज वापरते.

सध्याची पद्धत: हिरवा चॅनल घेते, त्यावर क्लाहे (भागाभागाने कॉन्ट्रास्ट वाढवणं), मग नळीसारखे आकार शोधणारा फ्रांजी फिल्टर (सिग्मा, म्हणजे शोधायच्या आकाराचं माप, 1 ते 3), त्यावर ओत्सू थ्रेशोल्ड (वाहिनी आणि बाकी भाग वेगळे करणारी आपोआप ठरणारी मर्यादा), मग स्केलेटन (वाहिनीची एक पिक्सेल जाडीची मधली रेषा). रुंदी डिस्टन्स ट्रान्सफॉर्मच्या (मधल्या रेषेपासून कडेपर्यंतच्या अंतराच्या) दुप्पट धरते.

अडचणी अशा. जाड शिरा एका पट्ट्याऐवजी दोन समांतर रेषा होऊन येतात. फोटोच्या गोलाची कड आणि ऑप्टिक डिस्कची (डोळ्याची नस पडद्याला मिळते त्या उजळ गोलाची) कड रक्तवाहिनी म्हणून धरली जाते. बारीक फांद्या तुटक येतात. रक्तस्रावाचे डाग असले तर तेही मोजले जातात. आणि सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे एकाच डोळ्याचे दोन कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो वेगवेगळी रुंदी आणि वेगळं फ्रॅक्टल डायमेन्शन (जाळं किती गुंतागुंतीचं आहे याचा आकडा) देतात.

फ्रांजीवरच भागेल की यू-नेटकडे (आखलेल्या फोटोंवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्ककडे) जावं? पिक्सेलचे मायक्रॉन कसे करायचे? आणि सिकलसेलच्या रुग्णांबद्दल या आकड्यांवरून काही म्हणता येतं का?

---

पिक्सेल_पुसद

ताई, मॉडेल बदलायच्या आधी सिग्मा पाहा. दुहेरी रेषांचं कारण बहुतेक तिथंच आहे.

फ्रांजी फिल्टर (मूळ पद्धत 1998 ची) प्रत्येक पिक्सेलपाशी हेसियन मॅट्रिक्स काढतो आणि तिच्या दोन आयगेन व्हॅल्यूंवरून ही जागा नळीसारखी आहे का ते ठरवतो. एकसारख्या पट्ट्यासाठी सगळ्यात जोरदार उत्तर तेव्हा येतं जेव्हा सिग्मा त्या पट्ट्याच्या त्रिज्येइतका असतो. म्हणजे सिग्मा 1 ते 3 ला नीट दिसतात त्या 2 ते 6 पिक्सेल रुंदीच्या वाहिन्या.

आता तुमच्या फोटोचा हिशोब करा. पडद्यावर 1 अंश म्हणजे ढोबळमानाने 0.29 मिलिमीटर. 45 अंशांत साधारण 13 मिलिमीटर मावतात. ते 2000 पिक्सेलमध्ये वाटले की एक पिक्सेल सुमारे 6.5 मायक्रॉनचा पडतो. डिस्कजवळची 130 मायक्रॉनची शीर 20 पिक्सेल रुंद झाली. तिला सिग्मा 10 लागतो, तुम्ही 3 वर थांबता. लहान सिग्माला अख्खी शीर दिसतच नाही, तिच्या दोन काठांलगतचे गडद भाग तेवढे दिसतात. टेबलावरच्या कॅमेऱ्यासाठी 2, 3, 4.5, 6.5, 10 असे पाच सिग्मा ठेवा. हातातल्या कॅमेऱ्यासाठी हेच आकडे 0.6 ने गुणा, पण त्याच्या गोलात किती अंश मावतात ते कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. तो 45 नसेल तर गुणक बदलेल. जाळ्यावर मिळणारे बरेचसे नमुना कोड ड्राइव्ह संचासाठी (वाहिन्या हाताने आखलेल्या फंडस फोटोंचा सार्वजनिक संच) लिहिलेले असतात. तिथं फोटो 565 × 584 पिक्सेलचा आहे आणि एक पिक्सेल जवळपास 25 मायक्रॉनचा पडतो. ते सिग्मा तसेच उचलले की हाच गोंधळ होतो.

दुहेरी रेषेचं दुसरं कारण म्हणजे वाहिनीच्या मधोमध दिसणारी चमक. धमनीत ती जास्त ठळक असते, आणि तरुण रुग्णांत तर फारच. फिल्टरच्या आधी हिरव्या चॅनलवर गोल आकाराने मॉर्फॉलॉजिकल ओपनिंग करा, व्यास 7 ते 9 पिक्सेल. त्याहून अरुंद उजळ पट्टी बुजते. व्यास 13–15 पर्यंत वाढवलात तर शेजारून जाणारी धमनी आणि शीर यांच्यामधली फटही बुजेल आणि दोन्ही मिळून एक होतील. म्हणून हा गाळलेला फोटो फक्त वाहिनी कुठं आहे ते शोधायला वापरा, रुंदी मूळ फोटोवर मोजा.

एक साधी गोष्टही तपासा: सायकिट-इमेजमधल्या फ्रांजीत गडद रेषा शोधायचा पर्याय आधीपासून चालू असतो. तुम्ही हिरवा चॅनल उलटा करून दिला असेल आणि तो पर्याय तसाच असेल, तर फिल्टर वाहिन्या सोडून मधल्या फटी शोधत बसेल.

गोलाची कड: लाल चॅनलवर 20–30 च्या वरचे पिक्सेल घ्या, सगळ्यात मोठा तुकडा ठेवा, भोकं भरा, कडेने 15 पिक्सेल आत घ्या. हा तुमचा मास्क. पण नुसता शेवटी मास्क लावून भागत नाही. बाहेरचा काळा भाग फिल्टरच्या आधीच आतल्या कडेच्या रंगाने भरून घ्या. कारण फ्रांजीतला एक स्थिरांक (सायकिट-इमेजमध्ये त्याला गॅमा म्हणतात) दिला नाही तर तो हेसियनच्या सर्वांत मोठ्या मूल्याच्या निम्मा धरला जातो. ते मोठं मूल्य काळ्या कडेवर असतं. मग साऱ्या बारीक वाहिन्या त्यापुढे फिक्या पडतात आणि तुम्हाला वाटतं क्लाहे कमी पडला. बारीक फांद्या तुटण्यामागं हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण ओत्सू. फ्रांजीच्या उत्तरात बहुतांश पिक्सेल शून्याजवळ असतात, दोन ढीग नसतातच, त्यामुळं ओत्सूची रेघ कुठंही पडते. हिस्टेरेसिस थ्रेशोल्ड घ्या. मास्कच्या आतल्या पिक्सेलमध्ये वरची मर्यादा 95 व्या पर्सेंटाइलला, खालची 89 व्याला. या वरच्यांना जोडलेले मधले पिक्सेल राहतात, सुटे पडलेले जातात. हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत: ड्राइव्हसारख्या फोटोत गोलाच्या आत वाहिन्यांचे पिक्सेल साधारण 12–13 टक्केच असतात.

क्लाहे: ओपनसीव्हीत क्लिप 2, जाळी 8 × 8 पुरे. क्लिप 4 च्या पुढे नेलात की म्हाताऱ्या रुग्णांत पडद्यामागच्या कोरॉइडच्या वाहिन्या वर येतात, आणि त्यांना यंत्र पडद्यावरच्याच समजतं. क्लाहेच्या आधी मोठ्या मीडियन फिल्टरने (डिस्कच्या निम्म्या व्यासाएवढा) पार्श्वभूमी काढून वजा करा.

डिस्कची कड घालवायला डिस्कचा केंद्र आणि त्रिज्या हाताने किंवा प्रोग्रॅमने नोंदवा आणि त्रिज्येच्या 1.1 पट भाग कापा. तिथं रुंदी मोजायचीच नसते.

रक्तस्राव: गोल डाग आकार आणि लांबट-गोलपणा पाहून गाळता येतात. ज्वालेसारखे लांबट रक्तस्राव फ्रांजीला वाहिनीपासून वेगळे करता येत नाहीत. तिथं शिकवलेलं मॉडेल लागतं.

मॉडेलबद्दल. यू-नेट शून्यापासून शिकवायची गरज नाही. लिटल डब्ल्यू-नेट नावाचं मॉडेल साधारण 70 हजार पॅरामीटरचं आहे, ते तुमच्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल. ऑटोमॉर्फ ही 2022 ची मोफत साखळी फोटोची प्रत तपासण्यापासून धमनी-शीर वेगळी करण्यापर्यंत सगळं करते. स्वतः शिकवायचंच असेल तर ड्राइव्हच्या 40 फोटोंपेक्षा फाइव्ह्ज संच तुमच्या कामाचा, 2048 × 2048 चे 800 फोटो, तुमच्या कॅमेऱ्याच्या आकाराला जवळचे. मॉडेल कोणतंही घ्या, फोटो त्याला द्यायच्या आधी गोलाचा व्यास त्याच्या शिकवणीच्या फोटोंएवढा करून घ्या.

आपल्या शेजारच्या नांदेडमधला आयडीरिड संचही पाहा. 516 फोटो आहेत, 4288 × 2848 चे, आणि आपल्याकडच्याच डोळ्यांचे. त्यात वाहिन्यांची आखणी नाही, पण 81 फोटोंत रक्तस्राव, मायक्रोअॅन्युरिझम (बारीक वाहिन्यांचे फुगे), एक्झुडेट (पिवळट-पांढरे डाग) पिक्सेलनिशी आखलेले आहेत. तुमच्या मॉडेलचा वाहिनी-मास्क त्यावर टाका आणि आखलेल्या रक्तस्रावांपैकी किती टक्के पिक्सेल वाहिनी म्हणून गेले ते मोजा. मधुमेहाच्या रुग्णांसाठी दोन मॉडेलांत निवड करायला हा आकडा फार कामाचा.

---

वैनगंगा_काठ

सिग्मा वाढवल्यावर दुहेरी रेषा गेल्या, आणि बाहेरचा भाग भरल्यावर बारीक फांद्याही बऱ्याच जुळल्या. धन्यवाद दादा. आता रुंदी आणि वळणदारपणाचं सांगा कोणी. डिस्टन्स ट्रान्सफॉर्म चालेल ना?

---

मापन_सेलू

डिस्टन्स ट्रान्सफॉर्म जाळ्याचा आराखडा काढायला ठीक, रुंदीसाठी नको. मास्कची कड कुठं पडली हे थ्रेशोल्डवर ठरतं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा पिक्सेल इकडचा तिकडं झाला तर 20 पिक्सेलच्या शिरेत 5 टक्के चूक, 5 पिक्सेलच्या फांदीत 20 टक्के. बीपीमुळं धमन्या आकसल्या का हे पाहायचं तर एवढी चूक परवडत नाही.

असं करा. स्केलेटनच्या प्रत्येक 3 पिक्सेलवर वाहिनीच्या दिशेला काटकोनात एक आडवी रेघ घ्या, लांबी अंदाजे रुंदीच्या तिप्पट. त्या रेघेवरची हिरव्या चॅनलची तीव्रता मूळ फोटोतून, क्लाहे न लावलेल्या, अर्ध्या पिक्सेलच्या अंतराने इंटरपोलेट करून वाचा. मिळालेल्या दरीला गाउसियन बसवा. मधली चमक असेल तर दोन गाउसियन, एक दरीचा, एक चमकेचा उलटा. अर्ध्या खोलीवरची रुंदी घ्या. एका तुकड्यातल्या सगळ्या रेघांचा मध्यक म्हणजे त्या तुकड्याची रुंदी. फांदी फुटते तिथून एक रुंदीभर अंतरातल्या रेघा टाकून द्या, तिथं वाहिनी फुगलेली दिसते.

रुंदी कुठं मोजायची याचा संकेत ठरलेला आहे: डिस्कच्या काठापासून अर्ध्या डिस्क-व्यासापासून एका डिस्क-व्यासापर्यंतचं कडं, ज्याला झोन बी म्हणतात. त्यात सगळ्यात जाड 6 धमन्या आणि 6 शिरा. त्यावरून धमन्यांचा एक आणि शिरांचा एक असा सममूल्य आकडा निघतो. 2003 मधलं नडसन यांचं सूत्र वापरा: सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक अशी जोडी लावायची, दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, धमनीला 0.88 ने आणि शिरेला 0.95 ने गुणायचं. एक आकडा उरेपर्यंत हेच. जोडी न लागलेला मधला आकडा पुढच्या फेरीत जातो.

कोड बरोबर आहे का पाहायला एक उदाहरण देतो. धमन्या 110, 104, 98, 92, 85, 80 मायक्रॉन. पहिल्या फेरीत 110 आणि 80 चे 119.7, 104 आणि 85 चे 118.2, 98 आणि 92 चे 118.3. दुसऱ्या फेरीत 119.7 आणि 118.2 मिळून 148.0. शेवटी 148.0 आणि 118.3 मिळून सुमारे 166.7. तुमच्या प्रोग्रॅमनं वेगळं उत्तर दिलं तर बहुधा जोड्या क्रमाने लावल्या गेल्यात, जाड-बारीक अशा नाहीत.

मायक्रॉनबद्दल. डिस्कचा व्यास 1800 मायक्रॉन धरून मोजपट्टी बनवायची पद्धत रुळलेली आहे, पण डिस्कचा आकार माणसागणिक बराच बदलतो. शिवाय लांब डोळ्यात, म्हणजे मायोपियात, पडद्यावरची तीच वस्तू फोटोत लहान दिसते. डोळ्याची लांबी ठाऊक असेल तर बेनेट यांची दुरुस्ती लावा: लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची, त्यातून 1.82 वजा करून 0.01306 ने गुणायचं, मग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गुणकानं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ए-स्कॅन झालेला असतो, त्या रुग्णांची लांबी कागदावर मिळेल. बाकीच्यांसाठी धमनी भागिले शीर हे गुणोत्तरच मुख्य धरा, त्यात पिक्सेल-मायक्रॉनचा प्रश्नच येत नाही. त्याची कमजोरी अशी की धमनी आकसली की शीर फुगली हे त्यातून कळत नाही, म्हणून दोन्ही सममूल्यं पिक्सेलमध्येही जपून ठेवा.

आता वळणदारपणा. वाहिनीची लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर, इतकं सोपं दिसतं. पण स्केलेटनच्या पिक्सेलांवरून लांबी मोजताना आडव्या-उभ्या पावलाला 1 आणि तिरक्याला 1.414 धरलं, तर 22.5 अंशात जाणारी अगदी सरळ वाहिनी 8.2 टक्के जास्त लांब भरते. म्हणजे सरळ रेषेचा वळणदारपणा 1.08 आला! खऱ्या वाहिन्यांमधला फरक पुष्कळदा एवढाच असतो. आपण रुग्ण मोजतोय की पिक्सेलांच्या पायऱ्या, हेच कळत नाही. म्हणून स्केलेटनच्या बिंदूंमधून गुळगुळीत स्प्लाइन बसवा (सायपायमध्ये सोय आहे, गुळगुळीतपणाचा आकडा शून्य ठेवू नका) आणि लांबी तिच्यावर मोजा. तपासणी सोपी आहे: संगणकावर 0 ते 45 अंशांत वेगवेगळ्या कोनांच्या सरळ रेषा आणि ठरावीक त्रिज्येचे कंस काढा, प्रोग्रॅममधून घाला. सरळ रेषेला 1.00 आलं नाही तर पुढं जाऊ नका.

आणखी एक. टेंपोरल (कानाकडच्या) बाजूच्या मोठ्या वाहिन्या मॅक्युलाभोवती (पडद्याच्या मधल्या, बारीक पाहायच्या भागाभोवती) कमानीसारख्या जातातच. लांबी-अंतराच्या गुणोत्तरात ती निरोगी कमान आणि बारीक बारीक वळणं सारखीच मोजली जातात. वक्रतेच्या वर्गाची बेरीज भागिले लांबी हे दुसरं माप सोबत ठेवा, ते वारंवार वळणाऱ्या वाहिनीला वेगळं काढतं. तुकडा रुंदीच्या निदान 10 पट लांब हवा.

स्केलेटनची छाटणी: वाहिनीच्या रुंदीपेक्षा आखूड काड्या कापा. आणि दोन तिठे एकमेकांपासून एका रुंदीच्या आत असतील तर ती फांदी नव्हे, धमनी आणि शीर एकमेकींवरून गेल्यात. पडद्यावर धमनी धमनीला आणि शीर शिरेला सहसा ओलांडत नाही. या एका नियमानं धमनी-शीर ओळखताना झालेल्या पुष्कळ चुका पकडता येतात.

---

नेत्रसहायक_तुमसर

सिकलसेलच्या प्रश्नावर लिहितो, कारण पूर्व विदर्भात हा प्रश्न घराघरातला आहे आणि इथं चुकीचा आकडा महागात पडेल.

सिकलसेलचा पडद्यावरचा धोका कडेला असतो. गोल्डबर्ग यांच्या 1971 च्या पाच पायऱ्या घ्या: कडेच्या बारीक धमन्या बंद पडणं, मग धमनी-शीर जोड तयार होणं, मग पंख्यासारख्या नव्या नाजूक वाहिन्या, मग त्या फुटून विट्रियसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या भागात) रक्त, शेवटी पडदा सुटणं. पहिल्या तीन पायऱ्यांत दृष्टी 6/6 असू शकते आणि मॅक्युलावर रोखलेला 45 अंशांचा फोटो अगदी साफ येऊ शकतो. त्यामुळं मधल्या फोटोतला वळणदारपणा सामान्य आला म्हणून 'पडदा ठीक' असं कुठंही लिहू नका. एसएस पॅटर्नच्या (दोन्ही जनुकं सिकलची असलेल्या) रुग्णाला बाहुली वाढवून, इनडायरेक्टने (डॉक्टर डोक्यावर लावून पडदा पाहतात त्या यंत्राने) कडेपर्यंत पाहणं हीच तपासणी. तुमचा आकडा तिच्या जागी येत नाही.

मधल्या भागात शिरा जास्त वळणदार दिसू शकतात हे खरं. पण रक्तक्षयानेही शिरा रुंद आणि वळणदार होतात, आणि आपल्याकडे एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन कमी असतंच. म्हणून फोटोच्या दिवशीचं हिमोग्लोबिन नोंदवल्याशिवाय एसएस, एएस (वाहक) आणि एए (सिकल नसलेले) गटांची तुलना करू नका. नाहीतर सिकलसेल म्हणून जे मोजाल ते निव्वळ रक्तक्षय असेल. सिकलसेलमध्ये पडद्यावर नारिंगी रक्तस्राव आणि नंतर काळे डागही उरतात. या काळ्या डागांच्या कडा वाहिनी म्हणून येतात का, ते प्रत्येक फोटोत डोळ्यांनी पाहा.

फोटो काढतानाच्या गोष्टी. बाहुली न वाढवता काढायचं तर ती साधारण 4 मिलिमीटर हवी. खोली खरंच काळोखी करा, खिडकीला जाड काळं कापड लावा. एका डोळ्याच्या फ्लॅशने दुसरी बाहुलीही आकसते, म्हणून मध्ये 5 मिनिटं थांबा. थेंब टाकायचे तर आपल्याकडे ट्रॉपिकामाइड 0.8 टक्के आणि फिनाइलेफ्रिन 5 टक्के अशी जोडी सहज मिळते. बीपी फार वाढलेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर फिनाइलेफ्रिन टाळून नुसतं ट्रॉपिकामाइड, आणि आधी टॉर्चनं पुढचा कप्पा अरुंद नाही ना ते पाहायचं. हे डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. थेंब टाकले की नाही हा रकाना नोंदीत हवाच. एका वर्षी थेंब टाकून आणि पुढच्या वर्षी न टाकता काढलेले फोटो एकाच रांगेत लावू नका.

आपल्याकडच्या डोळ्यांत पडद्याचा रंग गडद असतो. हिरवा चॅनल अंधारलेला येतो, लाल तेवढा उजळ, म्हणून संगणकाच्या स्क्रीनवर फोटो छान वाटतो आणि प्रोग्रॅम मात्र अडखळतो. फ्लॅश एक पायरी वाढवा आणि हिरव्या चॅनलचा हिस्टोग्रॅम पाहा.

---

आकडेमोड_अचलपूर

दोन कॅमेऱ्यांचा मुद्दा राहिला. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वरचं सगळं अचूक केलं तरी इथं गाडी फसते.

हातातल्या कॅमेऱ्याचा गोल 1200 पिक्सेलचा आणि 45 अंशांचा धरला तर एक पिक्सेल जवळपास 11 मायक्रॉनचा. 30 मायक्रॉनची फांदी तिथं तीन पिक्सेलांतही बसत नाही, टेबलावरच्या कॅमेऱ्यात ती साडेचार पिक्सेलची आहे. एका फोटोत फांदी सापडते, दुसऱ्यात नाही. फ्रॅक्टल डायमेन्शन आणि घनता यांचा जीव त्या बारीक फांद्यांतच असतो, मग आकडे जुळतील काहून? दोन कॅमेऱ्यांची तुलना करायचीच असेल तर 60 मायक्रॉनहून जाड वाहिन्यांपुरती करा, आणि फ्रॅक्टलची तर करूच नका. फ्रॅक्टलला फोटो डिस्कवर रोखलाय की मॅक्युलावर यानंही फरक पडतो.

हाच सापळा एकाच कॅमेऱ्यातही आहे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याचा फोटो धूसर येतो, बारीक फांद्या हरवतात, घनता आणि फ्रॅक्टल खाली येतं. मोतीबिंदू वयाबरोबर वाढतो, मधुमेहात लवकर येतो. तुम्ही तक्ता मांडाल तेव्हा 'मधुमेहात जाळं विरळ' असं सुरेख नातं दिसेल, आणि त्यातला किती भाग नुसत्या धूसर भिंगाचा आहे ते कळणार नाही. आपल्या भागात पिकलेला मोतीबिंदू घेऊन वर्षं काढणारे रुग्ण कमी नाहीत. म्हणून भिंगाची अवस्था नोंदवा, फोटोच्या स्पष्टतेला एक आकडा द्या (हिरव्या चॅनलच्या लाप्लासियनचं व्हेरियन्स चालेल, मास्कच्या आत आणि गोलाचा व्यास सारखा करून), आणि विश्लेषणात तो आकडा सोबत घ्या. स्पष्टता धरल्यावर नातं विरलं तर ते नातं नव्हतंच.

मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी 20–30 जणांचे एकाच बैठकीत, रुग्णाची हनुवटी उचलून परत टेकवून, दोन-दोन फोटो घ्या. दोन्हींच्या आकड्यांतला फरक सरासरीसमोर मांडा, म्हणजे ब्लंड-ऑल्टमन आलेख. नाडीच्या ठोक्यागणिक वाहिन्यांची रुंदी काही टक्क्यांनी हलतेच, त्यात फोकसचा फरक. या दोन फोटोंत जेवढं अंतर पडतं, वर्षभराचा बदल त्याहून मोठा नसेल तर तो बदल म्हणून नोंदवता येत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याच दिवशी त्याच डोळ्याचे फोटो काढून असाच आलेख करा.

मॉडेल तपासताना अॅक्युरसीवर जाऊ नका. वाहिन्या 12–13 टक्केच असल्यानं अख्खा फोटो 'वाहिनी नाही' म्हटला तरी 87 टक्के मिळतात. डाइस (दोन आखण्या एकमेकींवर किती जुळतात याचा 0 ते 1 मधला आकडा) पाहा. ड्राइव्हमध्ये एका माणसाची आखणी दुसऱ्याच्या आखणीशी साधारण 0.79 जुळते, म्हणून मॉडेलचं 0.82 हे पुरेसं चांगलं आहे. 0.95 दिसलं तर शिकवणीचे फोटो तपासणीत मिसळलेत का बघा. एका रुग्णाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला हवेत, एक शिकवणीत आणि एक तपासणीत असं नको. तुटक फांद्यांची काळजी असेल तर स्केलेटनवर आधारलेला सीएलडाइस सोबत काढा, साध्या डाइसला बारीक फांदी तुटल्याचं फारसं दुःख नसतं.

आणि दोन डोळे म्हणजे दोन रुग्ण नव्हेत. गणितात एकच डोळा घ्या किंवा मिश्र-परिणाम मॉडेल (दोन्ही डोळे एकाच रुग्णाचे हे धरणारं) लावा.

---

वैनगंगा_काठ

खूप मोलाचं मिळालं सगळ्यांकडून. शेवटचं विचारते: शिबिरांचे जुने फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेले आहेत, मूळ फाइली कॅमेऱ्यात राहिल्या नाहीत. ते रुंदीसाठी वापरता येतील का? आणि नोंदीत कोणते रकाने ठेवू?

---

पिक्सेल_पुसद

नाही वापरता येणार, ताई. व्हॉट्सअॅप फोटो म्हणून पाठवलं की आकार लहान होतो आणि जेपेग पुन्हा दाबलं जातं. 8 × 8 पिक्सेलच्या चौकटींच्या कडा बारीक वाहिन्यांएवढ्याच असतात, फ्रांजी त्या चौकटीही उचलतो. मूळ मोजपट्टी गेली ती वेगळीच. रक्तस्राव आहे-नाही एवढं डोळ्यांनी पाहायला ठेवा, मोजायला नको. यापुढं कॅमेऱ्याच्या कार्डातून थेट फाइल घ्या. नेट नसेल तर पेन ड्राइव्ह पुरे. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण त्याआधी फोटोवर छापलेलं नाव, फाइलच्या नावातलं नाव आणि आतली एक्झिफ माहिती काढून. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी.

रकाने: रुग्ण क्रमांक, डोळा, तारीख, कॅमेरा, गोलाचा व्यास पिक्सेलमध्ये, फोटो कशावर रोखलेला, थेंब टाकले का, भिंगाची अवस्था, स्पष्टतेचा आकडा, त्या दिवशीचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल पॅटर्न, चष्म्याचा नंबर, असेल तर डोळ्याची लांबी, डिस्कचा केंद्र आणि व्यास. शेवटी प्रोग्रॅमची आवृत्ती आणि वापरलेले सिग्मा. पुढच्या वर्षी प्रोग्रॅम बदललात तर जुने फोटो नव्या आवृत्तीतून परत चालवा. जुन्या आवृत्तीचे आकडे आणि नव्या आवृत्तीचे आकडे एका रांगेत नकोत.

---

नेत्रसहायक_तुमसर

त्यात एक रकाना वाढवा: कडेची तपासणी झाली का, कोणत्या तारखेला. एसएस रुग्णांत तो रिकामा दिसला की फोटो कितीही चांगला असो, रुग्णाला आधी बोलावून घ्या.